ओढ्याकाठचा रायवळ आंबा आणि त्यावरची विणकर मुंग्यांची घरटी

पायवाट ओढा ओलांडून वर चढू लागली की झाड दिसण्याआधी त्याचा वास येतो. खाली फुटलेले आंबे, त्यांवर घोंघावणाऱ्या माश्या आणि अर्धवट कुरतडलेल्या कोयी. रात्री वटवाघळं येऊन गेलेली असतात. मान वर केली की उंच सरळ वाढलेला रायवळ दिसतो. फळं मुठीत मावतील एवढी, धागेदार, भरपूर रसाची. रायवळ कोयीतून उगवतो, त्यामुळे दोन झाडांची चव सारखी नसते. एक फळ चाखल्याशिवाय पिशवी भरू नका.

पण त्याही आधी खोड पाहा. या झाडावर तांबूस मुंग्यांची रांग वर-खाली चालू होती. ह्या विणकर मुंग्या, म्हणजे हुमले. मोठ्या कामकरी मुंग्या साधारण ८ ते १० मिमी लांब असतात. त्या बाहेर फिरतात, शिकार आणि राखण करतात. आकाराने निम्म्या असलेल्या लहान कामकरी बहुतेक घरट्यातच असतात. एका वसाहतीची घरटी अनेक फांद्यांवर, कधी शेजारच्या झाडांवरही पसरलेली असतात, राणी मात्र त्यांतल्या एकाच घरट्यात. म्हणून एक घरटं दिसलं की थांबू नका, झाडाला संपूर्ण फेरी मारा. हिरव्या पानांचा, कडांना पांढरट रेशमाने शिवलेला गोळा म्हणजे वस्ती चालू आहे. पानं तपकिरी झालेलं घरटं रिकामं असू शकतं, पण तसं धरून चालू नका.

इथे दुर्बीण हवीच, आणि जवळच्या वस्तूवर फोकस होणारी हवी. फांदीपासून दीड-दोन मीटरवर उभं राहून कोवळ्या पालवीच्या टोकाला नवं घरटं बांधताना पाहा. दोन पानांतलं अंतर एका मुंगीच्या आवाक्यात नसेल तर एकीची कंबर दुसरी धरते, तिची तिसरी, आणि अशी साखळी पानं ओढून जवळ आणते. मग आतून दुसऱ्या मुंग्या जबड्यात अळी धरून येतात. रेशीम प्रौढ मुंगीकडे नसतं, ते अळीकडे असतं. मुंगी स्पर्शिकांनी पानाची कड चाचपते, अळीचं तोंड तिथे टेकवते, मग पलीकडच्या कडेला नेऊन टेकवते. मागावरच्या धोट्यासारखी ही ये-जा सुरू राहते आणि फटीवर पांढरं कापड चढत जातं. ही एक गोष्ट नीट पाहायला मिळाली तरी ही वाट चालल्याचं सार्थक होतं. घाई करू नका.

आता आंबे. आम्ही पहिल्यांदा झेला, म्हणजे टोकाला जाळी बांधलेली आंबे काढायची काठी, लावला तो नेमका घरट्याच्या फांदीला. काठी टेकली की मुंग्यांना तो पूल वाटतो आणि बघता बघता त्या हातापर्यंत उतरतात. घरटं नसलेली डहाळी निवडा, झेला फळापुरता टेकवा, झटका देऊन लगेच मागे घ्या. शिडी खोडाला टेकवायची असेल तर मुंग्यांच्या वाटेच्या विरुद्ध बाजूला. हातांवर टाल्कम पावडर चोळली की मुंग्यांचे पाय घसरतात. पूर्ण बाह्या, विजारीची टोकं मोज्यात, गळ्याभोवती रुमाल. पिशव्या खोडापासून तीन-चार मीटर लांब ठेवा, आणि त्यांना टेकणारी लोंबती डहाळी नाही ना, ते बघा.

ह्या मुंग्या नांगी मारत नाहीत. चावतात आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतात, म्हणून आग होते. अंगावर चढली तर चिरडू नका. चिरडलेल्या मुंगीतून धोक्याचा गंध सुटतो आणि बाकीच्या धावून येतात. झाडापासून बाजूला होऊन झटकून टाका, मग साबण-पाण्याने धुवा. आम्ल डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धूत राहा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट डॉक्टर.

फळ तोडताना बोटभर देठ राखा. देठ मुळाशी तुटला की चीक उडतो, फळाची साल जळते आणि कातडीवरही फोड येतात. सालीवर बारीक काळपट ठिपके दिसले तर ते बहुधा मुंग्यांच्या विष्ठेचे असतात, धुतल्यावर फळ खायला हरकत नाही. ह्या मुंग्यांच्या वावरामुळे फळमाशी कमी येते, हा झाडाचा मोठा फायदा. उलट बाजूही आहे: गोड स्रावासाठी त्या पिठ्या ढेकूण आणि खवले कीटक सांभाळतात, आणि तो स्राव सांडतो त्या पानांवर काजळीसारखी बुरशी चढते. तरीही फवारा मारू नका, घरटी जाळू नका. जमिनीवर पडलेले आंबे मात्र कापून पाहिल्याशिवाय खाऊ नका, अळ्या बहुतेक त्यांतच निघतात.

रांगेतली एखादी मुंगी तुटक चालत असेल आणि धाग्याला लटकून खाली उतरली, तर पाय मोजा. आठ भरले तर ती मुंगीची नक्कल करणारी उडी मारणारी कोळीण. पुढचे दोन पाय ती स्पर्शिकांसारखे उचलून धरते, म्हणून पहिल्या नजरेत ओळखू येत नाही.

खाली गळून पडलेलं वाळकं घरटं सापडलं तर काठीने उलटं करून पाच मिनिटं थांबा. काही बाहेर आलं नाही तरच उघडा. पानं कुरकुरीत होऊन तुटतात, पण रेशमाचे पापुद्रे कागदासारखे अखंड राहतात आणि आतल्या खोल्यांच्या भिंती तशाच उभ्या दिसतात.