डग्गा गेला कुठे?

शाळेच्या आठवणी लिहायला माझ्या बॅचचे बरेच जण आहेत. मी आपलं ऑडिओचं वेड लागतं कसं, ते सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेतच करून बघा.

सहा इंची, ८ ओहमचा उघडा स्पीकर टेबलावर ठेवून त्यावर तबल्याचं रेकॉर्डिंग लावा. चाटेचा 'ना' कडक वाजेल, 'धा'मधला डग्ग्याचा 'घे' मात्र नाहीच. आता दोन फुटी जाड पुठ्ठ्याला पाच इंची भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट दाबून धरा. डग्गा हजर! स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ होते. खर्जाच्या लांब लहरी कडेने वळसा घालून एकमेकींना पुसून टाकतात. पुठ्ठा ती वाट अडवतो. स्पीकर मडक्यावर बसवायचे ते याचसाठी. फक्त मडकं स्वतःही घुमतं, म्हणून आत थोडा कापूस भरायचा. १२ मिमी प्लायचा बंद खोका त्याहून बरा.

हे एकदा कानाने ऐकलं की पोरगं अॅम्प्लिफायरकडे वळतंच. पहिल्यासाठी टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी घ्या. १ अँपिअरचा १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड आणि ४७०० मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा कपॅसिटर एवढ्यात साधारण १६ व्होल्ट डीसी मिळतं. ८ ओहमवर दोनेक वॉट निघतात. खोलीला भरपूर झाले. २३० व्होल्टची बाजू मात्र सरांसमोरच जोडायची, फ्यूज घालून.

आवाज नसतानाच आयसी तापली तर बहुतेक जण आयसी बदलतात, आणि दुसरीही तापते. आउटपुटवरचा १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर हा जोड लावायचा राहिलेला असतो, नाहीतर सप्लायचा ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आयसीच्या पायांपासून लांब असतो. सर्किट कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच थरथरत बसतं.

व्हॉल्यूम शून्यावर असूनही 'घूं' येत असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे फिल्टर कपॅसिटर (तोच ४७००चा) किंवा ग्राउंड, म्हणजे सप्लायच्या ऋण बाजूची जोडणी, बघा. स्पीकरचं आणि इनपुटचं ग्राउंड मोठ्या कपॅसिटरच्या ऋण पायाशीच एकत्र आणायचं. एकाच बारीक तारेतून नेलं तर स्पीकरचा करंट इनपुटमध्ये शिरतो. व्हॉल्यूमबरोबर वाढणारा 'घूं' ५० हर्ट्झचा, इनपुट वायरची जाळी सुटल्याचा.

दुसरा स्पीकर जोडण्याआधी दोघांनाही दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. धन टोक धनाला लावल्यावर दोन्ही कोन बाहेरच यायला हवेत. एवढं करूनही डग्गा पुन्हा गायब झाला, तर कुठल्या तरी एकाच स्पीकरच्या तारा उलट्या जोडा.