दहा मात्रांची धास्ती

पेटीवर काळी तीन हा सा धरा. तिच्या वरची काळी एक झाली पंचम आणि पंचमाला खेटून असलेली पांढरी दोन झाली कोमल धैवत. दिग्दर्शक आणि संगीतकार जॉन कार्पेंटरच्या १९७८ सालच्या 'हॅलोविन' या भयपटाची मुख्य धून एवढ्या तीन सुरांवर उभी आहे. प सा सा, प सा सा, प सा, ध सा. पुन्हा पहिल्यापासून. मींड नाही, हरकत नाही, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. पेटी शिकायला लागून आठवडा झालेल्यालाही हे जमेल असं वाटतं, आणि तिथेच भल्याभल्यांची गाडी घसरते.

घसरते ती लयीत. मोजल्या तर मात्रा दहा भरतात, पण वाटणी तीन-तीन-दोन-दोन अशी आहे. झपतालाच्याही दहाच, पण तिथे दोन-तीन, दोन-तीन असे सारखे दोन भाग पडतात आणि कान निवांत होतो. इथे पहिल्या दोन तुकड्यांवर कान सरळ सहा मात्रांचा दादरा धरून बसतो. सहा झाल्या, आता पुढच्या सहा येणार, असं गृहीत धरावं तर चारातच आवर्तन मिटतं आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दोन मात्रा आधीच अंगावर येते. दर वेळी. वीस आवर्तनं ऐकून झाली तरी शरीर त्या धक्क्याला सरावत नाही. पाश्चात्त्य हिशेबात या पाचच मात्रा. प्रत्येकीचे दोन अर्धे केले की आपल्या दहा. कार्पेंटरचे वडील हॉवर्ड हे संगीताचे प्राध्यापक, आणि पाचाचा हा ठेका त्यांनीच मुलाला लहानपणी बोंगोवर शिकवला होता.

वाजवून बघणाऱ्यांकडून होणारी हमखास चूक म्हणजे शेवटच्या दोन तुकड्यांत एकेक सा जास्तीचा पडणं. दहाच्या बारा होतात आणि धून एकदम निरुपद्रवी होऊन पाळण्यासारखी झुलू लागते. त्यावर उपाय एकच, सूर विसरून आधी तोंडाने 'तीन, तीन, दोन, दोन' मोजायचं आणि हाताने फक्त तुकड्याच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची. टाळी पक्की झाल्याशिवाय बोटं पट्टीवर ठेवू नयेत. दुसरी चूक जरा सूक्ष्म आहे. कोमल धैवत आला की वाजवणाऱ्याला वाटतं, हाच तो भीतीचा सूर, आणि तो जोर लावतो. मूळ ध्वनिमुद्रणात धैवताला काडीचंही जास्तीचं महत्त्व नाही. तो पंचमाच्याच वजनाने येतो आणि जातो. जोर लावला की कोणीतरी आपल्याला घाबरवू पाहतंय हे कळतं, आणि ते कळलं की भीती संपते.

खरी करामत थोडी पुढे आहे. खाली खर्जाचे लांब सूर सुरू होतात आणि हा अख्खा साचा अर्धा सूर खाली सरकतो. सा आता पांढरी चारवर, पंचम पांढरी एकवर, आणि कोमल धैवत काळी एकवर. म्हणजे इतका वेळ जी काळी एक पंचम म्हणून भक्कम उभी होती, तीच आता अवघडलेला धैवत झाली. पट्टी तीच, सूर तोच, फक्त पायाखालची जमीन सरकली. हे कोणी ठरवून केलं की बोटं आपोआप तिकडे गेली, याने काही फरक पडत नाही. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे कळतं.

या संगीताची जन्मकथा आता दंतकथेच्या वळणावर गेली आहे. कार्पेंटरने स्वतःच लिहून ठेवल्याप्रमाणे, संगीत नसलेली प्रत एका मोठ्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवली तर त्या जराही घाबरल्या नाहीत. काही महिन्यांनी त्याच बाईंना तोच चित्रपट आवडला आणि मधल्या काळात फक्त संगीत चढलं होतं. गोष्ट छान आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आवाजाचं काम न झालेली कच्ची प्रत कुठल्याही भयपटाची असो, ती मिळमिळीतच वाटते.

त्यापेक्षा काम कसं झालं ते जास्त महत्त्वाचं. चित्रपटाचा एकूण खर्चच सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास, त्यामुळे वाद्यवृंदाचा प्रश्नच नव्हता. लॉस एंजेलिसमधल्या साउंड आर्ट्स या स्टुडिओत डॅन वायमन सिंथेसायझर जुळवून द्यायचे आणि कार्पेंटर वाजवायचा. एकावर एक थर ध्वनिमुद्रित करत मोजक्या दिवसांत सगळं उरकलं. आणि हे सगळं समोर पडद्यावर चित्र न लावता! नेहमीची पद्धत अशी की, दृश्य चालू ठेवून सेकंदाच्या हिशेबाने संगीत बसवायचं. दार उघडलं की इथे सूर चढवायचा, पाय घसरला की इथे झांज. इथे आधी सुटे तुकडे वाजवून ठेवले आणि मग ते संकलनाच्या टेबलावर दृश्यांखाली कापून लावले. श्रेयनामावलीत वादक म्हणून 'द बोलिंग ग्रीन फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रा' असं भारदस्त नाव झळकतं. बोलिंग ग्रीन हे कार्पेंटर वाढला ते केंटकीतलं गाव, आणि अख्खा ऑर्केस्ट्रा म्हणजे तो एकटा.

ही अडचणीतली पद्धतच चित्रपटाला तारून गेली, असं माझं ठाम मत आहे. चित्र न बघता वाजवलेलं संगीत पात्रांची काळजी करत नाही. नायिका लॉरी पळतेय म्हणून ते वेग घेत नाही आणि ती लपली म्हणून दबकतही नाही. ते आपल्या दहा मात्रा मोजत राहतं. आणि पडद्यावरचा खुनी मायकेल मायर्सही नेमका तसाच आहे. तो कधी धावत नाही, बोलत नाही, रागावलेला दिसत नाही. श्रेयनामावलीत तो वठवणाऱ्या निक कॅसलच्या नावापुढे पात्र म्हणून फक्त 'द शेप' लिहिलंय. संगीत आणि खुनी, दोघांनाही समोरच्याशी काही देणंघेणं नाही. हिचकॉकच्या 'सायको'मधली संगीतकार बर्नार्ड हर्मनची तंतुवाद्यं किंचाळतात, कारण तिथे कोणीतरी किंचाळतंय. ते काम थोरच आहे आणि कार्पेंटर हर्मनचं ऋण मोकळेपणाने मान्य करतो. पण किंचाळीला शेवट असतो. या धुनेला तो नाही. ना तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर संपवणं), ना समेवर येऊन विसावणं. मधेच कापतात किंवा आवाज उतरवत नेतात, एवढंच.

पैशाची चणचण जागोजागी दिसते आणि बहुतेक ठिकाणी ती फायद्याचीच ठरली आहे. मुखवटा हॉलिवूड बुलेव्हार्डवरच्या दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला, मुळात 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसने त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस बदलले आणि वर पांढरा रंग फवारला. गोष्ट शरद ऋतूतल्या इलिनॉयची, चित्रीकरण वसंतातल्या कॅलिफोर्नियाचं. त्यामुळे रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची. मागची झाडं मात्र हिरवीगार आहेत, आणि एखाद्या चौकटीत ताडाचं झाडही डोकावतं. एकदा दिसलं की दर वेळी तेच दिसतं.

प्रकाशाचं एक काम मात्र कितीही वेळा बघावं असं आहे. शेवटाकडे लॉरी दाराच्या चौकटीला टेकून रडतेय आणि शेजारची खोली काळीकुट्ट. त्या काळोखातून पांढरा चेहरा हळूहळू वर येतो. तो पुढे सरकत नाही, नुसता दिसायला लागतो. छायाचित्रकार डीन कंडीने मुखवट्यावर एक छोटा दिवा लावला होता आणि तो डिमरने अगदी सावकाश वाढवत नेला. वेग असा की डोळे अंधाराला सरावताना आपलं आपल्यालाच दिसू लागावं. घरच्या टीव्हीवर ब्राइटनेस वाढवलेला असेल तर ही सगळी मेहनत वाया. काळ्याचा करडा होतो आणि चेहरा आधीपासूनच तिथे दिसत राहतो.

पुढचे भाग आले, धून परत परत आली, आणि दर वेळी तिच्यावर काही ना काही चढवलं गेलं. १९८१ च्या दुसऱ्या भागात संगीतकार ॲलन हॉवर्थच्या साथीने तिला ऑर्गनसारखा भरगच्च आवाज मिळाला. ऐकायला दमदार आहे, पण भीती उणावली. १९९८ च्या भागात तर पूर्ण वाद्यवृंद आला आणि धून नटूनथटून लग्नाला निघाली. २०१८ मध्ये कार्पेंटरने मुलगा कोडी आणि संगीतकार डॅनियल डेव्हिस यांना घेऊन पुन्हा हात लावला तेव्हा त्यात ठोस खर्ज आला, पण पियानोचे ते कोरडे सूर जिथल्या तिथे राहिले. यातून बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला नाहीच. खाली ढोल घातला की दहाची चाल चार-चारच्या चौकटीत कोंबली जाते, आणि मग उरते ती नाचायला बरी असलेली एक धून.

पहिल्यांदा बघणार असाल तर थोडी तयारी करा. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर सुरुवातीचा तो खुन्याच्या नजरेतून घेतलेला, चारेक मिनिटांचा सलग वाटणारा शॉट घरगुती व्हिडिओसारखा गुळगुळीत दिसतो. चित्र रुंद चौकटीचं आहे, वरखाली काळ्या पट्ट्या राहणारच. झूम करून त्या घालवल्या तर कडेला उभा असलेला मायकेलच कापला जातो, आणि तो बऱ्याचदा कडेलाच असतो. डिस्क घेणार असाल तर २००७ ची ब्लू-रे टाळा, तिच्यात रात्रीचा निळसरपणा हरवलाय. २०१३ ची डीन कंडीच्या देखरेखीखाली झाली आहे. आवाजाचा पर्याय असेल तर मूळ मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) निवडा. नंतर केलेल्या ५.१ (चहूबाजूंच्या स्पीकरांच्या) आवृत्तीत आवाज खोलीभर फिरतो, पण ही धून समोरून, एकाच जागेवरून यायला हवी. आवाज किती ठेवायचा ते लॉरीच्या शाळेतल्या दुपारच्या संवादांवर ठरवा. ते नीट ऐकू आले की रिमोट खाली ठेवा.