दोन एटीव्ही आणि मागे फिफ्थ-व्हील

आज अमेरिकेत, यूटामधल्या मोआबच्या वाटेवर ट्रक स्टॉपला आमच्या फिफ्थ-व्हीलचा, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायच्या कॅम्परचा, काटा केला, त्यावरून हे लिहावंसं वाटलं.

एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालवायच्या चारचाकी गाड्या) कॅम्परच्या मागच्या गॅरेजमध्ये चढवल्या की कॅम्परचं एकूण वजन वाढतं, पण किंगपिनमधून (कॅम्पर पिकअपला जोडणारा खुंटा) पिकअपवर येणारा भार उलट घटतो. गॅरेज चाकांच्या मागे, त्यामुळे पुढचं टोक उचललं जातं. हिशोब बघा: ५,४०० किलोचा कॅम्पर, पिनवर १,०८० किलो, म्हणजे २० टक्के. ३२० किलोच्या दोन एटीव्ही चाकांच्या मध्यापासून २ मीटर मागे, किंगपिन ७ मीटर पुढे. पिनवरचे जवळजवळ १८३ किलो गेले, भार १५ टक्क्यांच्या खाली आला. मग बाजूने मोठा ट्रक गेला की मागचा भाग डोलायला लागतो. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे असेल तर भरून घ्या, म्हणजे पिनवर थोडा भार परत येतो. २०० लिटर म्हणजे २०० किलो.

प्रत्येक एटीव्हीला चार रॅचेट पट्टे, फ्रेमला अडकवून, सस्पेन्शन थोडं दबेल इतके ताणलेले. हँडलला नकोच. २०-२५ किलोमीटरवर उतरून पुन्हा ओढा. गाडी हादऱ्यांनी बसते आणि पट्टे ढिले पडतात. रात्री त्याच गॅरेजात झोपणार असाल तर एटीव्ही आधी बाहेर काढा, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत दारं उघडी ठेवा.

कॅम्परमागे आणखी ट्रेलर लावायचा असेल तर बंपरला जोडू नका, तो पातळ चौकोनी नळीचा असतो. रिसीव्हर (ट्रेलरचा हुक बसवायची चौकोनी खोबण) चासीलाच हवा. अशी तिहेरी जोडणी अमेरिकेतल्या काही राज्यांत चालते, काहींत अजिबात नाही. आणि ती रिव्हर्स घेणं जवळपास अशक्य, म्हणून पंपावर शिरण्याआधीच बाहेर पडायची वाट बघून ठेवा.