मोकळ्या वेळेचा जुना भाव आणि पगारवाढीची मागणी

पगारवाढ मागणे कुणालाच सोपे जात नाही. परंतु ज्यांनी अनेक वर्षे कमी पगार घेऊन त्या बदल्यात वेळेची मोकळीक स्वीकारलेली असते, त्यांच्या तोंडून तर ती मागणी बाहेर पडतच नाही, कारण समोरच्याचे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. "तुम्हाला एवढी मुभा दिली आहे, आणखी काय हवे?" हे वाक्य प्रत्यक्ष कुणी उच्चारण्यापूर्वीच आपण ते स्वतःला ऐकवून गप्प बसतो. मी स्वतः अशीच काही वर्षे काढली आणि गेल्या वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी अखेर हा विषय मांडला. तो मांडण्यापूर्वी जे वाचले आणि जे हिशेब केले, ते अशाच अवस्थेतील इतरांना उपयोगी पडतील असे वाटल्यामुळे येथे लिहीत आहे.

मुळात हा व्यवहार लाजिरवाणा नाही आणि नवाही नाही. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ सालीच वेगवेगळ्या कामांच्या मजुरीत फरक का पडतो याची पाच कारणे दिली होती: काम सुखाचे आहे की त्रासाचे, ते शिकायला किती खर्च व कष्ट पडतात, ते बारमाही मिळते की मधूनमधून, त्यात माणसावर किती विश्वास टाकावा लागतो आणि त्यात यश मिळण्याची शक्यता किती. कडाक्याच्या थंडीत गवंड्याचे काम बंद पडते, म्हणून काम असलेल्या दिवसांची त्याची मजुरी जास्त असली पाहिजे, हे त्यांचे उदाहरण आजही पटते. अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझेन यांनी पुढे या विचाराला नीट सैद्धांतिक बांधणी दिली. कामातील सोय-गैरसोय पगारात वजा किंवा जमा होते, एवढे त्याचे सार सांगता येईल. मुलांच्या शाळेच्या वेळा, घरातील वृद्धांची देखभाल किंवा स्वतःचा अभ्यास यांसाठी कुणी कमी पगार पत्करला असेल, तर त्याने बाजारात एक वस्तू विकत घेतली आहे. ती त्याला कुणी दान दिलेली नाही.

आता विकत घेतलेल्या वस्तूला किंमत असते आणि किंमत बदलते. इथेच बहुतेकांचे, आणि विशेषतः मनुष्यबळ विभागाचे, गणित थांबलेले असते. ज्या दिवशी मी माझ्या वेळा स्वतः ठरवण्याची परवानगी मिळवली, त्या दिवशी आमच्या कार्यालयात तशी परवानगी अपवादात्मक होती. घरून काम करणारा माणूस म्हणजे अर्धा सुट्टीवर गेलेला माणूस, असे उघडपणे बोलले जात असे. २०२० नंतर ती परिस्थिती राहिली नाही. महासाथीच्या काळात जगभरातील कार्यालयांना दूरस्थ कामाची यंत्रणा एकदम उभी करावी लागली आणि ती उभी करण्याचा खर्चही एकदाच झाला. काही देशांत तर हा विषय कायद्यातच आला: नेदरलँड्समध्ये लवचिक कामाचा कायदा २०१६ पासून लागू आहे आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक कामाची विनंती करण्याचा हक्क मिळाला आहे. जी गोष्ट एके काळी दुर्मीळ होती ती आता शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पूर्ण पगारासह मिळत असेल, तर मी तिच्यासाठी जुना भाव का मोजत राहावे, हा माझा पहिला प्रश्न होता.

या मोकळिकीचे मोल किती, यावर चांगले संशोधन झालेले आहे. अलेक्झांद्र मास आणि अमांडा पॅलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील एका कॉल सेंटरच्या प्रत्यक्ष भरतीत उमेदवारांपुढे वेगवेगळ्या पगाराचे आणि वेगवेगळ्या सोयींचे पर्याय ठेवले. ऐनवेळी मालकाने ठरवलेले वेळापत्रक टाळण्यासाठी उमेदवार सरासरी २० टक्के, तर घरून काम करता यावे यासाठी सरासरी ८ टक्के पगार सोडायला तयार होते. याहून मला महत्त्वाचा वाटला तो त्यांचा दुसरा निष्कर्ष: स्वतःच्या वेळा स्वतः ठरवण्याच्या मुभेसाठी बहुसंख्य लोक फारसा पगार सोडायला तयार नव्हते, मात्र थोड्या लोकांना ती फारच मोलाची वाटत होती. आपण त्या थोड्यांपैकी आहोत हे मालकाला कळले, की तो भाव आपल्या गरजेनुसार लावू शकतो. ती मुभा देण्यासाठी त्याला प्रत्यक्षात किती खर्च येतो, हा प्रश्न मग बाजूलाच राहतो. पगाराच्या चर्चेत आपल्या घरगुती अडचणींचे तपशील सांगू नयेत असे माझे ठाम मत आहे, ते यामुळेच. तुम्हाला मुभेची गरज किती आहे हे सांगताना तुम्ही तिची किंमत वाढवत असता.

मग मालकाला खरोखर खर्च येतो कुठे? या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर क्लॉडिया गोल्डिन यांचे आहे, ज्यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कायदा आणि वित्त यांसारख्या क्षेत्रांत जास्त तास आणि विशिष्ट वेळी उपलब्ध असणाऱ्या माणसाला प्रत्येक तासामागे अधिक पैसे मिळतात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे निम्मे तास काम करणाऱ्याला निम्म्याहूनही कमी पगार पडतो. औषधविक्रेत्यांच्या व्यवसायात मात्र असे घडत नाही. तिथे औषधे प्रमाणित झालेली आहेत, ग्राहकांच्या नोंदी संगणकावर आहेत आणि एका फार्मासिस्टचे काम दुसरा सहज हाती घेऊ शकतो, म्हणून कमी तास काम करण्याचा दंड जवळजवळ बसत नाही. मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे: आपल्या गैरहजेरीत काम अडत असेल, तरच आपल्या मोकळिकीचा मालकाला तोटा होतो, आणि ते अडत नसेल तर पगारातली कपात कशाबद्दल आहे हे त्याला सांगता आले पाहिजे.

मी चर्चेची तयारी याच मुद्द्यावर केली. मागील काही काळात माझ्या वेळेमुळे कुणाचे काम खोळंबले का, हे मी ईमेल आणि कामांच्या नोंदी पाहून तपासले. माझ्या जबाबदारीतील प्रत्येक प्रक्रिया लिहून काढलेली होती, दोन सहकारी ती हाताळू शकत होते आणि तातडीच्या प्रसंगी मला कसे गाठायचे हे सर्वांना माहीत होते. हे सगळे एका पानावर मांडले. विनोदाची गोष्ट अशी की आपले काम दुसरा कुणी करू शकतो हे लेखी कबूल करणे, हे नोकरी टिकवण्याच्या प्रचलित शहाणपणाच्या अगदी उलट आहे. पण लवचिक वेळ घेणाऱ्या माणसाच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मला तरी सुचला नाही.

इथे एक भेद करणे आवश्यक आहे. तास कमी करणे आणि तास हलवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पगाराच्या चर्चेत त्या नेहमी एकमेकींत मिसळल्या जातात. जो चार दिवस काम करून चार दिवसांचा पगार घेतो, त्याचा व्यवहार सरळ आहे. अर्थात त्याला दिलेली उद्दिष्टेही चार दिवसांचीच असली पाहिजेत, आणि ती बहुधा नसतात. ८० टक्के पगारात पूर्ण काम करणारे कितीतरी लोक मला भेटले आहेत, कारण पगार कमी करताना कंपनीने गणित केले पण कामाचा बोजा कमी करताना कुणी केले नाही. अशांनी पगारवाढीच्या आधी कामाच्या व्याप्तीबद्दल बोलावे. माझ्यासारखा जो पूर्ण तास भरतो, पण वेगळ्या वेळी भरतो, त्याची बाजू याहून बळकट असते.

हिशेबाचा भाग कंटाळवाणा आहे, पण त्यानेच माझा निर्णय झाला. समजा एका माणसाचा पगार १०० आहे आणि दुसऱ्याने मोकळ्या वेळेसाठी ८५ वर समाधान मानले. दोघांनाही दरवर्षी ६ टक्के वाढ मिळाली तर आठ वर्षांनी पहिला सुमारे १५९ वर आणि दुसरा सुमारे १३५ वर असेल. म्हणजे मूळचे १५ चे अंतर २४ पर्यंत जाते, जरी टक्केवारी तीच राहते. प्रत्यक्षात मात्र दोघांना सारखी वाढ मिळत नाही. दुसऱ्याला ४ टक्केच मिळत राहिले तर आठ वर्षांनी तो साधारण ११६ वर पोहोचतो, आणि सुरुवातीला १५ टक्क्यांचा असलेला त्याग तोपर्यंत २७ टक्क्यांचा झालेला असतो. या काळात महागाई दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली असेल तर त्या ११६ ची खरेदीशक्ती सुरुवातीच्या ७९ इतकीच उरते. म्हणजे कागदावर दरवर्षी वाढ मिळत असताना माणूस सुरुवातीच्या ८५ पेक्षाही गरीब झालेला असतो. १५ टक्क्यांचा सौदा त्याने केला होता. २७ टक्क्यांचा त्याच्याशी कुणी केलेलाच नव्हता.

दुसऱ्याला कमी वाढ का मिळावी, याचेही उत्तर संशोधनात सापडते. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्याने घटले. तरीही कामगिरीच्या मानाने पाहिले तर त्यांच्या बढतीचे प्रमाण कमी झाले. जो नजरेसमोर नसतो त्याचे काम मोजले जाते, पण त्याचे नाव सुचत नाही. त्याच कंपनीत पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला आठवड्यातून दोन दिवस घरून कामाचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि मूल्यमापन किंवा बढती यांवर वाईट परिणाम आढळला नाही. मला या दुसऱ्या प्रयोगातील राजीनाम्यांचा आकडा अधिक उपयोगी वाटला. मुभेमुळे माणूस टिकतो, आणि नव्या माणसाची भरती व प्रशिक्षण यांचा खर्च वाचतो. तेव्हा या व्यवहारात मालकालाही काही मिळालेले आहे, हे चर्चेत सौम्यपणे पण स्पष्ट शब्दांत सांगायला हरकत नाही.

प्रत्यक्ष बैठक अपेक्षेपेक्षा शांतपणे पार पडली. मी दोन विषय जाणीवपूर्वक वेगळे ठेवले: आधी माझ्या कामाची आजची व्याप्ती आणि तिला बाजारात मिळणारा पगार, आणि नंतर, विचारले तरच, वेळेची व्यवस्था. माझ्या वरिष्ठांनी अपेक्षेप्रमाणे मुभेचा उल्लेख केलाच. "सर, ही व्यवस्था ठरली तेव्हा मी एका प्रकल्पाचे काम पाहत होते आणि आज तीन प्रकल्प पाहते आहे, त्या वेळच्या कामाचा भाव त्या वेळी ठरला, आजच्या कामाचा आज ठरवूया," असे मी म्हणाले. "मग तुम्ही रोज नियमित वेळेत येणार का?" असेही त्यांनी विचारले. हा प्रश्न कुणालाही विचारला जाईल, म्हणून त्याचे उत्तर आधीच ठरवून जावे. माझे उत्तर नकारार्थी होते, आणि त्यासोबत मी ते एक पान पुढे केले. मोकळीक परत करण्याची तयारी दाखवून पगार मागणे मला पटत नाही. तसे केले की आजवरची कपात योग्यच होती, हे आपण मान्य करतो.

हे धैर्य कुठून आले, तर काही प्रमाणात बाहेरच्या पर्यायातून. बैठकीपूर्वी मी इतरत्र दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती आणि माझ्या अनुभवाला, तितक्याच लवचिक वेळेसह, काय दिले जाते याचा अंदाज घेतला होता. तो आकडा मी सांगितला. कुठून आला ते सांगितले नाही आणि राजीनाम्याची भाषाही केली नाही. ज्यांच्या व्यवसायात अशी मुभा अजूनही खरोखर दुर्मीळ आहे, त्यांनी मात्र आधी ही चौकशी करावी आणि नंतरच तोंड उघडावे, कारण त्यांच्या बाबतीत जुना भाव आजही रास्त असू शकतो. तसेच मुभा केवळ तोंडी असेल तर पैशांच्या आधी ती लेखी करून घ्यावी. वरिष्ठ बदलले की तोंडी मुभा त्यांच्यासोबत निघून जाते आणि कमी पगार मात्र आपल्याकडे राहतो.

मला मागितली तेवढी वाढ मिळाली नाही. निम्म्याहून थोडी अधिक लगेच मिळाली, उरलेल्या भागाचा विचार पुढील सहामाहीत करण्याचे ठरले आणि पदनाम मात्र नव्या कामाला साजेसे बदलले गेले, ज्याचा उपयोग पुढच्या चर्चेत पगाराच्या श्रेणीवर बोट ठेवण्यासाठी होईल. बैठकीत जे ठरले त्याचा गोषवारा मी त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवला आणि "मान्य" असे एका शब्दाचे उत्तर मागवून घेतले. वेळेची व्यवस्था आहे तशीच आहे, आता नियुक्तिपत्राच्या सुधारित प्रतीत नमूद झालेली.