भाट्याचा ओंडका

मागच्या दिवाळीत रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरून मी हातभर लांबीचा, भरतीने आणून टाकलेला एक ओंडका उचलून आणला. गाडीत ठेवताना सौभाग्यवतींनी "सोलापुरात सरपण मिळत नाही का?" असे विचारले आणि गाडीला मासळीचा वास लागल्यामुळे तो प्रश्न पुढे दोन-तीनदा ऐकावा लागला.

बाहेरून त्या ओंडक्यावर टाचणीच्या टोकाएवढी पाच-सात भोके होती, एवढेच. घरी करवतीने कापल्यावर मात्र आत करंगळी जाईल एवढी बिळे निघाली, आणि प्रत्येक बिळाला चुन्यासारखे पांढरे, गुळगुळीत अस्तर होते. बिळे एकमेकांना अगदी खेटून, वळसे घेत गेली होती, पण एकही दुसऱ्यात शिरलेले दिसले नाही. हे काम शिपवर्मचे. त्याला किडा म्हणण्याची पद्धत असली तरी तो शिंपल्यांच्या कुळातला, अळीसारखा लांबलेला मृदुकाय प्राणी आहे. तो अगदी लहान असताना लाकडात शिरतो आणि आतच वाढतो. म्हणून बाहेरचे भोक बारीकच राहते आणि फळी धडधाकट दिसत असताना आतून पोकळ झालेली असते. डोक्याकडची दोन छोटी शिंपले कानशीसारखी फिरवून तो लाकूड खरवडतो, आणि पाणी गोडे झाले किंवा ओसरले की शेपटीकडच्या दोन झडपांनी भोक बंद करून आत तग धरतो. इ. स. १५०३ मध्ये कोलंबसला जमैकाच्या किनाऱ्यावर जहाजे चढवून अडकून पडावे लागले, ते याच प्राण्याने तळ पोखरल्यामुळे. उष्ण समुद्रात त्याची पैदास जवळजवळ वर्षभर चालते आणि मऊ लाकडाची फळी काही महिन्यांत निकामी होते.

मला खरा रस होता तो बुरशीत. पाण्याखालच्या लाकडात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे जमिनीवर लाकूड कुजवणाऱ्या छत्रीवाल्या बुरशांचे तिथे फारसे चालत नाही. तिथे सूक्ष्म, काळ्या ठिपक्यांएवढी फळे धरणाऱ्या बुरशांचे राज्य असते. त्यांचे तंतू पेशीच्या भित्तिकेतच लांबट, टोकदार पोकळ्या करत जातात आणि लाकडाचा वरचा थर नखाने उकरता येईल इतका मऊ पडतो. अशा मऊ पडलेल्या लाकडावर पोखरणाऱ्या जीवांच्या पिलांना बस्तान बसवणे सोपे जाते. या बुरशांचा पद्धतशीर अभ्यास बार्गहूर्न आणि लिंडर यांच्या १९४४ सालच्या निबंधापासून सुरू झाला, असे मानले जाते.

त्या पाहायच्या तर लाकूड ओलसर ठेवून काही आठवडे वाट पाहावी लागते. माझा पहिला तुकडा गच्चीवर सावलीत ठेवला होता. आमच्या हवेत तो आठवड्यात खडखडीत वाळून तडकला. दुसरा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल्या कागदात गुंडाळून माठाशेजारी ठेवला. सहाव्या आठवड्यात त्यावर खसखशीपेक्षा लहान काळे दाणे दिसले. एक दाणा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा रंगहीन, दोन कप्प्यांचे बीजाणू बाहेर पडले. प्रत्येकाच्या टोकाला चिकट टोपी होती आणि माझ्या डोळ्यांदेखत ती उलगडत लांब दोऱ्यासारखी झाली. लाटांमध्ये वाहणाऱ्या बीजाणूला लाकडाला अडकण्यासाठी या दोऱ्याचा उपयोग होतो. मी त्या संध्याकाळी जेवायला तासभर उशिरा गेलो.

आपल्याकडच्या माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सगळे पाहताना वाळवी आठवते. शेताच्या बांधावरच्या वारुळातली वाळवी पोटात घेतलेल्या पाल्या-काटक्यांवर बुरशीची शेती करते. पाऊस पडल्यावर वारुळावर उगवणारी अळंबी त्या शेतीचीच. शिपवर्मने मात्र ही सोय कल्ल्यांत केली आहे. तिथे राहणारे जिवाणू लाकूड पचवणारे पाचकरस तयार करतात, ते पोटाकडे पोहोचतात, आणि लाकडात जवळजवळ नसलेले नत्रही हेच जिवाणू पुरवतात.

कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. वादळापासून बचाव हे त्याचे मुख्य कारण, पण लाकूड महिनोन्महिने पाण्याबाहेर राहिले की आतला शिपवर्मही मरतो. माझ्या ओंडक्यातलाही असाच मेला असावा. बिळांत फक्त ती दोन छोटी शिंपले उरली होती, आणि आता ती काडेपेटीत हलवली की खुळखुळतात.