डेकचं काम: सांगाडा उभा राहिला, स्क्रू ठरले

डेकचा, म्हणजे घरालगतच्या उघड्या लाकडी ओट्याचा, सांगाडा जोडून झाला. वरच्या फळ्या अजून थप्पी लावून वाळत ठेवल्या आहेत. या टप्प्यात करवतीपेक्षा जास्त वेळ स्क्रू निवडण्यात गेला आणि तो जायलाच हवा होता. उघड्यावरच्या कामात बरेचदा लाकूड शाबूत असतं, पण आतला स्क्रू खलास झालेला असतो. वरून त्याचा पत्ताही लागत नाही.

माझ्या कामात दोन लाकडं आहेत. सांगाडा तांबेयुक्त रसायन दाबाने मुरवलेल्या पाइनचा, तर वरच्या फळ्या ओकच्या. म्हणून दोन्हींचे उरलेले तुकडे घेतले, त्यांत चार प्रकारचे स्क्रू पिळले आणि तुकडे उघड्यावर, जमिनीलगत, ओले राहतील असे ठेवून दिले. काळे फॉस्फेटवाले, चकचकीत जस्त मुलाम्याचे, तपकिरी लेपाचे डेक स्क्रू आणि ए२, म्हणजे नेहमीच्या प्रतीचे, स्टेनलेस. सांगाड्याला हात लावण्याआधी ते सगळे उपसून पाहिले.

फॉस्फेटवाला उलटा फिरवताना डोक्याखालीच तुटला. तो प्लास्टरबोर्डसाठी असतो, ठिसूळ असतो आणि त्याच्यावरचा काळा थर उघड्यावरच्या ओलीत गंज रोखण्याइतका नसतो. बाहेरच्या कामात तो वापरूच नये.

जस्त मुलाम्याचा स्क्रू मात्र नीट बघण्यासारखा निघाला. पाइनमधल्या स्क्रूचं डोकं जवळपास ठीक होतं, खाचेत थोडी पांढरी पूड, बस्. बाहेर काढला तर डोक्याच्या खालचा, फळीच्या आत असणारा दांडा लालसर, खरबरीत झालेला. आट्यांच्या धारा बोथट झाल्या होत्या. टोकाकडचा भाग बराच बरा. म्हणजे पाणी डोक्याच्या कडेने झिरपतं, दांड्याभोवती अडकून राहतं आणि तिथेच गंज सगळ्यात जोरात चालतो. डेकचा स्क्रू डोकं बघून तपासायचा नाही, एक तरी उपसून बघायचा.

पाइनमध्ये हे इतक्या लवकर का झालं, त्याचं कारण तांबं. पूर्वी लाकूड कुजू नये म्हणून सीसीए हे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेलं रसायन मुरवलं जायचं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस ते घरगुती वापराच्या लाकडातून मागे घेतलं गेलं. त्याच्या जागी एसीक्यू आणि कॉपर अझोल आले. यांत तांब्याचं प्रमाण जास्त आणि गंजाला थोडा आवर घालणारं क्रोमियम नाही. लाकूड ओलं झालं की विरघळलेलं तांबं जस्तावर आणि पोलादावर येऊन बसतं आणि खालचा धातू झिजू लागतो. साध्या विद्युत मुलाम्यात जस्ताचा थर असतो जेमतेम ५ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो किती पुरणार? गरम जस्तात बुडवलेल्या मोठ्या खिळ्याबोल्टांवर तो सहज ४० मायक्रॉनच्या वर जातो, पण बारीक स्क्रूंना ही पद्धत सोसत नाही, आटेच बुजतात. म्हणून स्क्रूंसाठी जस्ताच्या पातळ पापुद्र्यांचा लेप आणि त्यावर पॉलिमरचा थर असा जोडलेप निघाला. त्यात आम्ल आणि विजेचा टप्पा नसल्यामुळे कडक पोलादात हायड्रोजन शिरून स्क्रू ठिसूळ होण्याची भीतीही टळते.

माझा तपकिरी स्क्रू याच जातीचा. पाइनमधून तो जवळजवळ जसाच्या तसा निघाला, दांड्यावरचा लेप अखंड होता. गंजाचे ठिपके होते ते फक्त डोक्याच्या खाचेत, जिथे बिटाने, म्हणजे स्क्रू फिरवणाऱ्या टोकाने, लेप खरवडला होता तिथे. हीच या स्क्रूंची दुखरी जागा आहे. त्यामुळे चौफुली खाचेचे स्क्रू मी बादच केले. जोर वाढला की बिट त्यातून उसळतं आणि दर वेळी थोडा लेप सोलतं. सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स खाचेत बिट घट्ट बसतं. बिटही नवंकोरं हवं, कडा झिजलेलं चालत नाही.

डब्यावर ‘मिठाच्या फवाऱ्यात इतके तास टिकला’ असं छापलेलं असतं. त्यावर मी निवड सोडली नाही. त्या चाचणीत ५ टक्के मिठाचं पाणी ३५ अंश सेल्सिअसला सतत फवारतात. दोन लेपांची ढोबळ तुलना करायला ती ठीक, पण तिथे ना तांबं असतं, ना लाकडातलं आम्ल, ना ओलं-सुकं होण्याचं चक्र. स्क्रू तांबेयुक्त लाकडासाठी मान्य आहे असं उत्पादकाने स्पष्ट लिहिलंय का, एवढं मी पाहतो. ‘बाहेरच्या वापरासाठी’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

ओकची गोष्ट वेगळी. त्यात तांबं नाही, पण टॅनिन हे तुरट द्रव्य आणि ॲसिटिक आम्ल भरपूर. जस्त मुलाम्याच्या स्क्रूभोवती निळसर काळा डाग पसरला होता आणि तो रेषांच्या दिशेने लांबवर ओढला गेला होता. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की पूर्वी त्याची लिहायची शाई व्हायची, तीच ही क्रिया. लेपाच्या स्क्रूभोवतीही खाचेजवळ फिकट कडं उमटलं. ए२ मात्र स्वच्छ. म्हणून ओकसाठी स्टेनलेसच, दुसरा विचार नाही. समुद्राची खारी हवा किंवा पोहण्याचा तलाव जवळ असेल तर ए२ सोडून ए४ घ्यावा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे तो क्लोराइडला जास्त दाद देत नाही.

स्टेनलेस सहसा गंजत नाही, पण कडक पोलादापेक्षा मऊ असतो. ओकमध्ये भोक न पाडता पिळला तर मान मोडते. मी दांड्याच्या गाभ्याएवढं भोक पाडतो, वरच्या फळीत त्याहून मोकळं, आणि झटके देत पिळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर बाजूला ठेवून क्लचवाल्या (ठरावीक जोरानंतर पिळणं थांबवणाऱ्या) ड्रिलने सावकाश फिरवतो. आधी साधा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यायची युक्ती ओकमध्ये टाळलेली बरी, कारण मागे राहिलेला लोखंडाचा कणही डाग पाडतो. ओकजवळ ग्राइंडर चालवायचा नाही, स्टील वूल फिरवायचं नाही, हेही त्याच कारणाने. पडलेला डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतो, पण हातमोजे घालूनच करा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

सांगाड्यात तुळया धरायला गरम जस्तात बुडवलेल्या पत्र्याच्या कड्या आहेत. तिथे डेक स्क्रू एकही लावला नाही. ते कडक असतात आणि आडव्या भाराने काडकन तुटू शकतात. कडीच्या उत्पादकाने सांगितलेले, तशाच जाड जस्ताचे खिळे आणि जोडणीचे खास स्क्रू वापरले. पत्रा जस्ताचा आणि स्क्रू स्टेनलेसचा असं मिश्रण केलं तर ओल्यात जस्त आधी झिजतं, म्हणून तेही टाळलं.

ओल कमी ठेवली तर निम्मं काम तिथेच होतं. लाकडातला ओलावा १८ ते २० टक्क्यांच्या खाली राहिला की गंजाचा वेग एकदम मंदावतो, मग लाकडात तांबं असो वा नसो. त्यासाठी तुळयांच्या माथ्यावर ब्यूटाइलची (पाणी अडवणारी रबरी) पट्टी चिकटवली आहे. फळ्यांमध्ये ६ मिलिमीटरची फट ठेवणार आहे. डोकी पृष्ठभागाशी सपाट बसली की थांबायचं. खोल गेलेल्या डोक्यावर पाण्याची वाटी तयार होते.

फळ्यांवर ओलावामापक टेकवून बघतोय. आकडा अजून हवा तेवढा उतरलेला नाही. उतरला की घराच्या बाजूने पहिली फळी लावायला घेतो. तपासणीसाठी एका कोपऱ्यातल्या, भार नसलेल्या फळीतले दोन स्क्रू मुद्दाम सहज निघतील असे ठेवणार आहे, एक ओकमधला आणि एक खालच्या पाइनमधला.