तिसरी गोळी अडली तेव्हा

आज होमगार्डच्या फायरिंगला थ्री-नॉट-थ्री रायफल हातात आली. दोन राउंड छान गेले, तिसऱ्याला बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) पुढे जाईचना. जोर लावणार तेवढ्यात शिकवणारे उस्ताद म्हणाले, "थांब पोरी! नळी टार्गेटकडेच ठेव, बोट ट्रिगरबाहेर." बोल्ट मागे घेऊन त्यांनी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे बसायला हवी. मी एकाची कड मागे बसवलेली, म्हणून दोन्ही एकमेकांत अडकलेली. मॅगझिनच्या तोंडाशी गोळ्या धरून ठेवणारे ओठ वाकले तरी गोळी अशीच अडते, पण आमचे सरळ होते. उरलेली तिन्ही काढली, अंगठ्याने एकेक कड चाचपत पुन्हा भरली. बोल्ट अलगद सरकला. तो आवाज अजून कानात आहे. उस्ताद, मनापासून आभार!